आजारातून उठताना रोम कसं बघायचं

आम्ही नवरा-बायको ठाण्याहून रोमला पोचलो ती ऑक्टोबरच्या सुरुवातीची एक संध्याकाळ होती. त्याच रात्री दोन वाजता मला उलट्या-जुलाब सुरू झाले. मधल्या विमानतळावर खाल्लेल्या सँडविचवर माझा संशय आहे, पण खात्रीने सांगता येणार नाही. सात रात्रींच्या मुक्कामातले पहिले अडीच दिवस खोलीत गेले. पुढचे दिवस मी रोज दोन-तीन तासच बाहेर पडले, तरी जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

यंदा ठाण्यातल्या आमच्या नौपाडा भागातली ओळखीची दोन कुटुंबं तिकडे निघाली आहेत, आणि दोन्हींत साठीच्या आसपासची माणसं आहेत. त्यांना तोंडी सांगितलं ते सगळं इथे नीट लिहून काढते. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे की आजारपणात गेलेले दिवस नंतर धावपळ करून भरून काढू नका. शहरच छोटं करून घ्या. रोममध्ये ते करता येतं, कारण तिथे दर दोनशे पावलांवर बसून बघण्यासारखं काहीतरी असतं.

निघण्याआधी, घरूनच

निघायच्या पंधरा दिवस आधी घरच्या डॉक्टरांकडे जा आणि प्रवासासाठी म्हणून वेगळी चिठ्ठी लिहून घ्या. त्यावर औषधांची मूळ नावं हवीत, कंपनीची नावं नकोत. आपण ‘क्रोसिन’ म्हणतो, तिथल्या केमिस्टला ते कळणार नाही. ‘पॅरासिटामोल’ म्हटलं की लगेच कळतं. ताप, उलटी आणि जुलाबाची औषधं, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, थर्मामीटर आणि ओआरएसची किमान दहा पाकिटं हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तर अडायला नको. अँटिबायोटिक सोबत न्यायचं की नाही, आणि नेलं तर कधी घ्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इटलीत अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

ओआरएसबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गल्लत इथेच होते. पाकिटं दोन प्रकारची मिळतात, एक लिटरची आणि एका ग्लासाची, म्हणजे २०० मिलीची. मागे लिहिलेलं वाचा आणि पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात घाला. अर्धं पाकीट अंदाजाने ओतलं की प्रमाण बिघडतं. खोक्यात मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. पाकीट नसेलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घाला. चमचा चहाचा.

या साध्या पाण्यामागे आपल्याच देशातल्या एका डॉक्टरांचं मोठं काम आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांमध्ये साखर-मिठाचं पाणी तयार करून ते रुग्णांच्या घरच्यांकरवी पाजायला लावलं. छावणीतले मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. रोमच्या त्या खोलीत रात्री तीन वाजता चमचा-चमचा पाणी पिताना मला त्यांची आठवण आली होती.

इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. व्हिसासाठी घेतला आणि फाइलमध्ये ठेवून दिला, असं करू नका. त्यातली तीन पानं नीट वाचा. मदतीसाठी फोन कुठे करायचा, सुरुवातीचा किती खर्च आपल्या खिशातून जाणार, आणि आधीपासून असलेल्या आजारांना विमा लागू आहे का. बीपी किंवा शुगर असेल तर अर्जात लपवू नका. मदतीचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा. ज्याच्या फोनमध्ये नंबर आहे तोच आजारी पडू शकतो.

हॉटेल ठरवताना दोन प्रश्न विचाराच: लिफ्ट आहे का, आणि बाथरूम खोलीलाच आहे का. रोममधल्या जुन्या इमारतींत बरीच छोटी गेस्टहाउसं आहेत, आणि दोन्ही सोयी गृहीत धरता येत नाहीत. एक चांगली गोष्ट म्हणजे इटलीत बहुतेक खोल्यांच्या बाथरूममध्ये बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचं बसकं भांडं असतं, त्यामुळे पाण्याची सोय होते. जुलाबात त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

खोलीतले पहिले दोन दिवस

उलटी झाली की दहा मिनिटं काहीही घेऊ नका. मग दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन चमचे ओआरएस. तहान लागली म्हणून घटाघटा प्यायलात की पुन्हा उलटी होते, मी एकदा तेच केलं. उलटी थांबल्यावर प्रत्येक जुलाबानंतर साधारण एक ग्लास ओआरएस घ्या. लघवी फिकट रंगाची आणि तीन-चार तासांतून एकदा होत असेल तर पाणी पुरेसं जातंय.

जुलाब थांबवणारी गोळी, म्हणजे लोपेरामाइड, ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घ्यायची नाही. आपल्याकडे ती सर्रास घेतली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. शुगरच्याही काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्रास देऊ शकतात. त्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, डॉक्टरांना फोन करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत रोमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, नंतर साडेचार. म्हणजे तिथे सकाळी आठ वाजता ठाण्यात साडेअकरा झालेले असतात आणि दवाखाना उघडा असतो. मी त्याच वेळी फोन केला. पाच मिनिटांच्या बोलण्याने निम्मी भीती गेली.

थांबायचं नाही अशी लक्षणं: शौचात रक्त, १०२ च्या वरचा ताप, आठ तास लघवी न होणं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, चोवीस तासांत पाणीही पोटात न टिकणं, बोलण्यात गोंधळ, पोटात एकाच जागी तीव्र दुखणं. यातलं एकही दिसलं तर ११२ वर फोन करा, किंवा टॅक्सीने थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. तिथे त्याला ‘प्रोंतो सोक्कोर्सो’ म्हणतात. गंभीर रुग्ण आधी घेतात, त्यामुळे साध्या तक्रारीला काही तास बसावं लागू शकतं. साध्या आजाराला हॉटेलकडून डॉक्टर बोलावणं सोपं पडतं. मात्र आधी विम्याच्या नंबरवर कळवा आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.

ताप असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा की आपण भारतातून, पावसाळ्याच्या शेवटी आलो आहोत. ठाण्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही असतात, आणि तिथल्या डॉक्टरांच्या मनात ते पटकन येईलच असं नाही. मलेरिया हा शब्दच मुळात इटालियन आहे, ‘माल आरिया’, म्हणजे वाईट हवा. रोमभोवतीच्या दलदलीतल्या हवेनेच हिवताप होतो असं लोक शतकानुशतकं मानत आले. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. पुढच्याच वर्षी जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी यांनी रोममध्ये दाखवून दिलं की माणसाचा मलेरिया अॅनोफिलिस डास पसरवतो.

हात साबणाने धुवा. उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही.

सोबतच्या माणसाला खोलीत बसवून ठेवू नका. पहिल्या दिवशी दुपारी मी नवऱ्याला आग्रहाने बाहेर पाठवलं. तो केमिस्ट, दुकान आणि बस स्टॉप शोधून आला. कोणत्या चौकात बसायला बाकं आहेत तेही बघून आला. पुढे मला त्याचा फार उपयोग झाला. केमिस्टचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखायचं. ते बंद असेल तर रात्रपाळीच्या दुकानांची यादी दारावर लावलेली असते. ओआरएस मागायचं तर ‘साली रेइद्रातांती’ म्हणा.

खायचं काय

आजारी माणसाच्या जेवणाला इटालियन लोक ‘इन बियांको’ म्हणतात, शब्दशः ‘पांढऱ्यात’. म्हणजे मसाला नाही, टोमॅटो नाही, तळलेलं नाही. ‘रीझो इन बियांको’ म्हणजे उकडलेला भात, वर थोडं ऑलिव्ह तेल. आपल्या मऊ भाताचा सख्खा भाऊच म्हणायला हवा. मेनूत नसला तरी मागितला की बहुतेक ठिकाणी करून देतात. मी तब्येत बरी नाही असं सांगितलं तेव्हा एका छोट्या खानावळीतल्या बाईंनी न मागता उकडलेला बटाटाही आणून दिला.

‘सेंत्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीज नको, हे सांगायला विसरू नका. त्या दिवसांत पोटाला दुधाचं नीट पचत नाही. शाकाहारी लोकांसाठी आणखी एक गोष्ट: पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा अर्क असतो. सूप मागाल तर ‘ब्रोदो व्हेजेताले’ असंच मागा, नुसतं ‘ब्रोदो’ म्हटलं तर बहुधा मांसाचं येतं. दुकानातून केळी आणि ‘फेत्ते बिस्कोत्ताते’ घ्या. हे आपले टोस्टच आहेत.

घरून मेतकूट न्या. कोरडं आणि वनस्पतीजन्य असल्याने त्याला अडचण नाही. तूप, पेढे किंवा दुधाचं काहीही मात्र नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिसऱ्या दिवशी भातावर मेतकूट घालून दोन घास खाल्ले तेव्हा आपण बरे होतोय असं मला पहिल्यांदा वाटलं.

कॉफी, वाइन, आइस्क्रीम आणि कच्चं सॅलड जुलाब थांबून दोन दिवस होईपर्यंत नको. रोममध्ये जाऊन कॉफी न पिणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. तरीही नको.

बाहेर पडायचं कधी

मी माझ्यासाठी चार अटी ठेवल्या होत्या. औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही. बारा तासांत पातळ जुलाब नाही. दोन वेळचं खाणं पोटात टिकलेलं. आणि लिफ्ट न वापरता एक मजला चढून छातीत धडधड नाही. चारही जमलं की बाहेर, तेही दोनच तास.

किती चालायचं याचं माप ठाण्याचंच वापरा. नौपाड्यातून तलावपाळीपर्यंत, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याच्या काठापर्यंत चालत जायचं, तळ्याला एक फेरी मारायची आणि परत यायचं, हे घरी असताना सहज होतं. पहिल्या दिवशी त्याच्या निम्मं. तलावपाळीला पोचलो आणि रिक्षाने परत आलो, एवढंच. दुसऱ्या दिवशी एक फेरी. नकाशावरचे किलोमीटर बघून मला कधी अंदाज आला नाही, या मापाने मात्र अचूक आला.

पाण्याची काळजी रोममध्ये करायची नाही. रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे ओतीव लोखंडाचे छोटे नळ आहेत, साधारण अडीच हजार. १८७४ पासून ते बसवले गेले. पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं, पिण्याजोगं आणि गार, चोवीस तास वाहतं. नळाच्या वाकड्या नाकावर वरच्या बाजूला एक भोक असतं. नाकाचं तोंड बोटाने दाबलं की तिथून वर कारंजं उडतं आणि वाकून तोंड लावता येतं. मी त्यात बाटली भरून त्यातच ओआरएस घालायचे.

शौचालयाचं आधी ठरवून निघा. रस्त्यावर सार्वजनिक सोय कमी आहे. कॉफीच्या दुकानात, तिथे त्याला ‘बार’ म्हणतात, एक पाण्याची बाटली विकत घ्या आणि ‘बान्यो’ कुठे आहे ते विचारा. पिशवीत टिश्यू, रिकामी छोटी बाटली आणि एक जोडी कपडे असू द्या. मला ते कपडे लागले नाहीत, पण ते आहेत म्हणून मी निर्धास्त फिरले.

आणखी एक. स्पॅनिश स्टेप्स, म्हणजे त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे आणि दंड होतो. दमलात तर चर्चमध्ये जाऊन बसा. बहुतेक चर्चना प्रवेश फुकट आहे, आत गारवा आणि बाकं असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दुपारी बारा-साडेबारापासून तीन-चारपर्यंत बरीच बंद असतात.

पहिली फेरी: नव्होना ते पँथिऑन

पहिल्या दिवशी टॅक्सी करा. अधिकृत टॅक्सी पांढरी आणि मीटरची असते. थेट पियात्सा नव्होनाला उतरा आणि पंधरा मिनिटं दगडी बाकावर नुसतं बसा. हा लांबट चौक म्हणजे पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनने बांधलेलं क्रीडांगण आहे. प्रेक्षक बसायचे तिथे आता घरं आहेत, पण आकार तोच राहिला. मधलं कारंजं शिल्पकार बेर्निनीचं, १६५१ मधलं. चार खंडांतल्या चार नद्या माणसांच्या रूपात कोरल्या आहेत आणि त्यातली एक आपली गंगा आहे, हातात लांब वल्हं धरलेली. गंगा इथे पुरुष आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसले होते.

तिथून चार-पाच मिनिटांवर सान लुइजी देइ फ्रांचेझी हे चर्च आहे. डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. अंधाऱ्या खोलीत आलेल्या उजेडात पैसे मोजत बसलेल्या माणसांतल्या मॅथ्यूकडे येशूने बोट दाखवलंय, तो तर मोठ्या संग्रहालयात दोन तास उभं राहून बघण्यासारखा प्रसंग आहे. इथे तो फुकट आहे.

पुढे पाच मिनिटांवर पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर. सम्राट हेड्रियनच्या काळात, सुमारे इ. स. १२५ मध्ये पुरं झालेलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. लोखंडी सळया न घालता बांधलेल्या काँक्रीटचा हा जगातला सगळ्यात मोठा घुमट आहे. वर मधोमध मोकळं भोक आहे, पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. २०२३ मध्ये पर्यटकांना ५ युरोचं तिकीट सुरू झालं. आत बाकांवर बसून वर बघा, उन्हाचा गोल सरकताना दिसतो. इथून टॅक्सीने परत जा आणि झोपा. संध्याकाळी पुन्हा बाहेर पडण्याचा मोह होतो, तो टाळा. माझ्या नवऱ्याने मला अडवलं ते बरं झालं.

दुसरी फेरी: नदीतलं बेट

आजारी माणसाने रोममध्ये एकच जागा बघायची असेल तर मी तिबेर नदीतलं हे छोटं बेट सांगेन. इ. स. पूर्व २९३ मध्ये रोममध्ये साथ आली. तेव्हा शहराने ग्रीसमधल्या एपिडॉरसला, वैद्यकाचा देव एस्क्युलापिअस याच्या स्थानी, माणसं पाठवली. ती पवित्र साप घेऊन परतली आणि तो साप जहाजातून उतरून या बेटावर गेला अशी कथा आहे. तिथे देवाचं मंदिर बांधलं गेलं आणि आजारी माणसं येऊन राहू लागली. पुढे बेटाला दगडांनी जहाजाचा आकार दिला. त्या दगडी बाजूचा तुकडा आणि त्यावर कोरलेली, साप गुंडाळलेली काठी आजही पाण्याजवळ दिसते. मंदिराच्या जागी आता सान बार्तोलोमेओ चर्च आहे, आणि बेटावर १५८५ पासून हॉस्पिटल चालू आहे.

बेटावर जायला पोंते फाब्रिचिओ नावाचा पूल आहे, इ. स. पूर्व ६२ मधला, आणि लोक त्यावरून अजून जातात-येतात. पूल ओलांडून चर्चसमोरच्या चौकात बसा. नदीकाठच्या खालच्या कट्ट्यावर जायला बऱ्याच पायऱ्या आहेत; मी वरूनच बघितलं. चौकात हॉस्पिटलमधून एक म्हातारे गृहस्थ मुलीचा हात धरून सावकाश बाहेर येत होते. मी ओआरएसची बाटली घेऊन बसले होते. दोन हजार तीनशे वर्षं माणसं इथे बरी होण्यासाठी येतायत, या विचाराने मला खूप धीर आला.

मोठ्या जागांचं काय

कोलोसियमच्या तिकिटावर नाव आणि वेळ असते, ते दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून पहिल्या तीन दिवसांचं तिकीट आधी काढूच नका. ताकद आली असेल तर मुक्कामाच्या शेवटच्या दोन दिवसांतली सकाळची पहिली वेळ घ्या. शेजारचं फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, मात्र सोडा. दगड उंचसखल आहेत आणि सावली नाही. कॅपिटोलिन टेकडीवर नगरपालिकेच्या वाड्यामागच्या कठड्यावरून अख्खं फोरम फुकट दिसतं. मी तिथूनच बघितलं.

व्हॅटिकनची संग्रहालयं मी सोडली. गर्दीत एका दिशेनेच जावं लागतं आणि मध्येच परत फिरणं कठीण. सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाच्या ५५१ पायऱ्या हा तर विषयच नाही. त्याऐवजी स्पॅनिश स्टेप्सच्या पायथ्याशी एका घरात गेले. कवी जॉन कीट्स क्षयरोगाला रोमची हवा मानवेल म्हणून १८२० च्या नोव्हेंबरात इथे आला आणि २३ फेब्रुवारी १८२१ ला, पंचविसाव्या वर्षी, याच घरात वारला. खोली लहान आहे, छतावर पांढरी फुलं कोरली आहेत. अडीच दिवस हॉटेलचं छत बघून आल्यावर त्या छताखाली मला उभं राहवेना, बाजूच्या खोलीत जाऊन बसले.

परतताना

परतीच्या विमानात कडेची, शौचालयाजवळची जागा आधीच मागून घ्या. आदल्या दिवशी खाण्यात काही नवीन नको. ओआरएसचं एक पाकीट खिशात ठेवा; पाणी सुरक्षा तपासणीनंतर घ्या.

ठाण्यात आल्यावर विम्याची कागदपत्रं पहिल्या आठवड्यातच द्या: डॉक्टरांचा कागद, औषधांच्या मूळ पावत्या, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती आणि बोर्डिंग पास. जुलाब दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले किंवा वजन उतरत राहिलं तर शौचाची तपासणी करून घ्या. ताप आला तर कुठे, कधी गेलो होतो ते डॉक्टरांना तारखांसकट सांगा. माझं पोट पूर्ण ताळ्यावर यायला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी मी तलावपाळीच्या दोन फेऱ्या मारल्या.